फणसाचा हुरूप

संध्याकाळी ऑफिस सुटताना दारातलं यंत्र कपाळाला टेकवलं, की अंगात उरलेला सगळा हुरूप कंपनी काढून घ्यायची. चारुताचा हुरूप तिचे साहेब, कारखानीस, स्वतःला टोचून घ्यायचे. थापेच्या आवाजावरून पिकलेला फणस ओळखणारा तिचा प्रोग्राम त्यापायी तीन वर्षं घरी अर्धवट पडला होता. लॅपटॉप उघडायचीसुद्धा इच्छा उरत नसे.

मग आठवडाभर तिनं ऑफिसात हात कामाला लावले, मन मात्र फणसातच ठेवलं.

सोमवारी अहवालाची वाट पाहणाऱ्या संचालकांसमोर कारखानीस स्वतःच आणून टेबलावर ठेवलेल्या फणसावर थापा मारत होते.

"चारुता, मला थांबताच येत नाहीये गं!"

"माझा हुरूप आहे तो, साहेब," ती गोड हसली. "आता बसा ठोकत."