कार्ब्युरेटरवाली

"कार्ब्युरेटरवालीच घे," नुपूर म्हणाली आणि शौनकच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

सलिलच्या गॅरेजात दोन जुन्या मोटरसायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही अडीचशे सीसीच्या. एक कार्ब्युरेटरची, दुसरी फ्युएल इंजेक्शनवाली. तिघांच्याही तोंडावर मास्क होते. नुपूर तर नवऱ्यापासूनही लांब, फुटपाथवर उभी होती. शौनक कोविड आयसीयूतला डॉक्टर. सिडनीत डेल्टाची लाट आल्यापासून तो घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये, अंगणातल्या वेगळ्या छोट्या घरात, एकटा राहत होता. नुपूर जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवायची, दार वाजवायची आणि मागे फिरायची.

"हिचा काही त्रास नाही," इंजेक्शनवालीवर थाप मारत सलिल म्हणाला. "बटण दाबलं की निघाली. थंडी असो, काही असो."

"आणि ही?" नुपूरने दुसरीकडे बोट दाखवलं.

"ही जरा नखरेल. केलीव्हिलच्या या गारठ्यात आधी चोक ओढायचा, मग चार-पाच मिनिटं तापू द्यायची. घाई केली की बंद पडते."

"चार-पाच मिनिटं? नक्की?"

"नक्की. वर आवाजही मोठा."

मास्कच्या वर नुपूरचे डोळे हसले.

गाडीचा दोष ऐकून कोणी असं हसतं का? जिला लग्नाआधी पुण्यात स्कूटर स्टँडवर लावता येत नव्हती, तिला एकदम कार्ब्युरेटरचा पुळका कुठून आला? सलिल तिच्या जुन्या ऑफिसातला. मित्राची न खपणारी गाडी नवऱ्याच्या गळ्यात मारायची, असाच बेत दिसत होता.

"इंजेक्शनवाली घेतो," शौनक म्हणाला. "शिफ्टला निघताना नखरे कोण सोसणार? उद्या आर्व्होला, दुपारचा येतो."

"नो वरीज," सलिल म्हणाला.

मोटरसायकलची गरज पडली ती आईमुळे. सुनीतीबाई लेकाला भेटून परत जायच्या बेताने पुण्याहून आल्या, सीमा बंद झाल्या आणि त्या इथेच अडकल्या. मे महिन्यात बाथरूममध्ये घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून मागच्या खोलीतला पलंग हेच त्यांचं जग. पुन्हा पडल्या तर काय होईल, हे शौनकइतकं कोणाला माहीत असणार? फिजिओ समोर नसताना त्यांना अजिबात उभं करायचं नाही, असा दमच त्याने नुपूरला भरला होता. एरवी तो हायब्रिड कारने जायचा. ती आवाज न करता ड्राइव्हवेतून निघून जायची. आता आईसाठी कार घरी असलेली बरी, म्हणून ही दुचाकीची शोधाशोध.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलिलचा मेसेज आला. "सॉरी मेट, इंजेक्शनवाली गेली. दुसरी आहे."

लॉकडाउनमध्ये आणखी कुठे शोधत फिरणार? शौनकने कार्ब्युरेटरवाली आणली.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलमधून परतताना तो सलिलच्या घरावरून गेला. गॅरेजचं दार वर होतं आणि सलिल पाइपने गाडी धूत होता. तीच, इंजेक्शनवाली. शौनक थांबला नाही.

संध्याकाळी त्याने नुपूरला फोन केला. "सलिलशी बोलणं होतं का हल्ली?"

"नाही रे. का?" उत्तर जरा जास्तच झटकन आलं.

"काही नाही. सहज."

"गाडी नीट तापवतोस ना सकाळी?"

हा प्रश्न ती आता रोज विचारू लागली होती. एके दिवशी त्याला उशीर झाला. गाडी गारच होती, तरी त्याने ती दामटली. दोनदा ठसकली, पण निघाली. हॉस्पिटलमध्ये पोचतो तोच नुपूरचा मेसेज: "आज इतक्या लवकर निघालास?"

इतकी वर्षं कारने जात होता, तेव्हा हिने एकदा तरी विचारलं होतं का?

मन चिंती ते वैरी न चिंती. सलिल घरूनच काम करायचा. घर दोन गल्ल्या पलीकडे. शौनकची गाडी सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळायचं, डॉक्टर निघाला. मोठ्या आवाजाची गाडी कोणाच्या सोयीची होती? या विचाराची त्याची त्यालाच लाज वाटली. पीपीई चढवताना, ऑक्सिजनचे आकडे बघताना तो विचार झटकायचा. मास्क उतरवला की तो पुन्हा हजर.

शुक्रवारी सकाळी गवतावर दव गोठलं होतं. शौनकने ड्राइव्हवेत चोक ओढून गाडी चालू केली. हेल्मेट सीटवर ठेवलं, गाडी तशीच धडधडत सोडली आणि भिंतीच्या कडेकडेने तो पुढच्या खोलीच्या, ड्राइव्हवेकडे बघणाऱ्या खिडकीशी गेला. स्वतःच्याच घरात चोरासारखं डोकवायचं! पाय अडखळले, पण मागे वळले नाहीत.

खिडकी हवेसाठी किंचित उघडी होती. आत पातळ पडदा. आणि नुपूरचा आवाज. गाडीच्या धडधडीतून ऐकू जावं म्हणून ती मुद्दाम मोठ्याने बोलत होती.

"घाई नको. अजून आहे तो बाहेर."

शौनकची कानशिलं तापली. त्याने पडद्याच्या फटीला डोळा लावला.

सुनीतीबाई वॉकर घट्ट धरून खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. कपाळावर घाम, ओठ मिटलेले, नजर स्वतःच्या पावलांवर. मागून नुपूरने त्यांच्या कमरेला हात घातला होता.

"सावकाश टाका पाऊल, आई. त्याची गाडी तापेपर्यंत पोचतो आपण खिडकीशी. रोज दिसतो ना तुम्हाला, तसा आजही दिसेल."