डावी टाच

माणूस खोटं बोलेल, टाच बोलणार नाही, असं चपला दुरुस्त करणारी ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची. अपघातानंतर नवऱ्याला यंत्राचे पाय बसवले, मग हात, शेवटी डोक्यातही काहीबाही. तो पहिल्यासारखाच बोलायचा, घोरायचासुद्धा. तरी तिच्या मनात पाल चुकचुकायची. पूर्वी त्याच्या डाव्या चपलेची टाच महिन्याभरात एका बाजूने झिजायची. आता दोन्ही कोऱ्या करकरीत. “माझं पोर मला कळत नाही होय? उगाच संशय घेऊ नकोस,” सासू डाफरली. एका दुपारी सून चामडं घेऊन लवकर परतली, तर तो दुकानात बसून डाव्या चपलेची टाच आतल्या बाजूने कानशीने घासत होता. “अगं, तुला ओळख पटावी म्हणून...” तो ओशाळला. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग चपलेकडे. कानस त्याच्या हातातून घेत ती म्हणाली, “आतून नाही. माझा नवरा बाहेरून झिजवायचा.”