कडेला उभा केलेला गडी

"बाहेर जातोस का, आर्ची?" कप्तानाने विचारलं.

आर्चीने सुजलेल्या गुडघ्यावर मोजा ओढला. "जाऊ कुठे? हिवाळ्यात माझी बायको इसोबेल वारली, घर रिकामं आहे. गिरणीच्या संघात खेळतोय तेवढंच उरलंय. आज बाहेर गेलो तर मॅनेजर पुढच्या हंगामात मला घेणार नाही."

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फुटबॉलला बदली खेळाडू नसे. जायबंदी गड्याला मैदानाच्या कडेला नुसतं उभं करत. कप्तानाने तेच केलं.

"काय आजोबा, काठी घरी विसरलात?" समोरचा बचावपटू हसला आणि त्याला मोकळा सोडून मधल्या गर्दीत घुसला.

आर्चीला तेच हवं होतं. पळता येत नसलं तरी चेंडू कुठे पडणार ते त्याला अजून कळत होतं. सामना बरोबरीत संपत आला असताना चेंडू गर्दीतून उसळून बाहेर आला. आर्ची लंगडत पुढे झाला, दात आवळून दुखऱ्या पायावर उभा राहिला आणि दुसऱ्या पायाने त्याने चेंडू जाळ्यात धाडला.

मॅनेजर धावत आला. "पुढच्या हंगामात आहेस बरं का!"

"मग, नसायला काय झालं?" आर्ची म्हणाला.

घरी जाताना, इसोबेल शेजारी असायची तेव्हासारखाच, तो तिला सामना सांगू लागला. त्याच्या सांगण्यात गोल त्याने थेट मैदानाच्या मध्यावरून मारला होता. ती असती तर थाप लगेच पकडून हसली असती. आज कुणीच हसलं नाही. 

"बरं बाई," मग तो म्हणाला, "गोलच्या अगदी जवळच होतो."