पुलाच्या अलीकडे

सलूनवाल्याने खुर्चीची पाठ मागे कलती केली, थोरल्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं आणि विचारलं, "दाढीच ना?"

"दाढीच," थोरला म्हणाला. "आणि काका, थोडं विचारायचंही होतं. उद्या बाबांची शोकसभा आहे. मला बोलायचंय."

सलूनवाल्याने वाटीत ब्रश फिरवून फेस करायला घेतला.

थोरल्याच्या खिशात घडी घातलेला कागद होता. वडिलांच्या लढाईबद्दल चार शब्द बोला, असं माजी सैनिकांच्या संघटनेने त्याला सांगितलं होतं. तीन दिवस डोकं खाजवून त्याने एकच वाक्य लिहिलं होतं. 'बाबांनी युद्धात मोठं शौर्य गाजवलं.' कोणतं शौर्य, ते काही त्याला सांगता येत नव्हतं. धाकट्या बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "मला कुठलं ठाऊक, दादा? सलूनवाल्या काकांना विचार. दर बुधवारी बाबा तिथेच तर असायचे."

"तुमच्याशी पुष्कळ बोलायचे ना बाबा?"

"छत्तीस वर्षं," सलूनवाला म्हणाला. "तुमची आई गेली त्या वर्षापासून. पहिल्यांदा आले ते केस कापायला नव्हेच. म्हणाले, पोरीची वेणी घालता येत नाही, रडत शाळेत जाते, मला शिकवा. मग ह्या खुर्चीच्या पाठीला सुतळीचे तीन पदर बांधले आणि शिकवलं. फौजेतला गडी, बोटं ही अशी जाडजूड. सुतळीवर रागवायचे. पण आठ दिवसांत हात बसला."

थोरल्याला बहिणीची ती वेणी आठवली. घट्ट, सरळ, दोरीसारखी. बाबा ती कुठे शिकले, हे विचारायचं त्याला आजवर सुचलं नव्हतं.

"आणि लढाईचं काय सांगायचे?"

"ते तुम्हाला ठाऊकच असणार की."

ठाऊक होतं ते एवढंच, की बाबा लष्करात ड्रायव्हर होते, एकदा जखमींनी भरलेली गाडी घेऊन निघाले होते आणि त्यांना एक पदक मिळालं होतं. जेवताना विषय निघाला की घास हातात तसाच धरून ते सुरू करायचे, "आमची गाडी पुलाशी आली..." आणि घरात हशा पिकायचा. सुरुवात थोरल्याचीच असायची. "आली, बाबा, आली! तीस वर्षं तिथेच उभी आहे तुमची गाडी. आता जेवा." पुढे नातवंडंही ते शिकली. कुणी काही रटाळ सांगायला लागलं, की एकमेकांना कोपरानं ढोसून म्हणायची, "गाडी पुलाशी आली." बाबाही हसायचे. अलीकडे तर त्यांनी विषय काढणंच सोडून दिलं होतं.

"पुलाच्या पुढचं सांगा, काका."

सलूनवाल्याचा वस्तरा थांबला. "म्हणजे घरी कधी..."

"आम्ही ऐकून घेतलं नाही."

सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला.

"पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक जखमी शिपाई बसला होता. पाय गेलेला. ह्यांच्याच तुकडीतला, ओळखीचा. त्यानं हात केला. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, पुलावर गोळे पडत होते आणि कशासाठीही थांबायचं नाही, असा हुकूम होता. तुमचे बाबा थांबले नाहीत. गाडीतले अकराच्या अकरा जण वाचले. पदक मिळालं ते त्याचं. पण तो माणूस त्यांना गाडीच्या आरशात दिसत राहिला. म्हणायचे, दिसेनासा होईपर्यंत त्यानं हात खाली घेतला नव्हता."

थोरला समोरच्या आरशात बघत होता.

"मी विचारलं एकदा, हे घरी का नाही सांगत? म्हणाले, सांगायला बसतो रे. पोरांना एकदा कळू दे आपला बाप काय करून आलाय. मग त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. पण जमत नाही, म्हणाले. माझंच बोलणं लांबतं."

जेवणाच्या टेबलावरचं आपलंच हसू थोरल्याला ऐकू आलं, सगळ्यांत मोठं. समोर बघवेना, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे बाबांचा तो घास धरलेला हात आला.

तसेच डोळे मिटून तो म्हणाला, "उद्या शौर्य-बिर्य काही बोलत नाही मी. झालं ते झालं तसं सांगतो. त्या माणसाचं नाव घेऊन सांगतो. काय नाव होतं त्याचं?"

सलूनवाला टॉवेलला हात पुसत राहिला.

"नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. त्या शेवटच्या बुधवारी मात्र आपणहून म्हणाले, आज तुला त्याचं नाव सांगतो. कुणाला तरी ठाऊक असू दे."

"मग?"

"राहू द्या, साहेब."

"काका, सांगा."

"तुम्ही न्यायला आला होतात त्यांना. बाहेर रस्त्यावर गाडीतच बसला होतात. हॉर्न दिलात. मग परत दिलात."

थोरल्याने डोळे उघडले नाहीत.

"'पोरगं खोळंबलंय माझं,' म्हणाले. 'पुढच्या बुधवारी सांगतो.' आणि लगबगीनं निघाले."