पृथ्वीला वळसा

उपग्रह निकामी झाल्यापासून लांबची बोलणी पुन्हा रेडिओवर आली होती. मिरजेच्या रेडिओकेंद्रातून डॉक्टर शहनाज मुजावर दक्षिणेच्या समुद्रातल्या एका जहाजावरचं बाळंतपण नुसत्या आवाजावर करवून घेत होत्या. बाळाचं डोकं दिसू लागलं आणि नेमका तेव्हाच आवाज विरला.

केंद्रात संशोधन करणाऱ्या केतकी वर्तकनं संगणकाकडे धाव घेतली. रेडिओलहरींना परत खाली वळवणारा वातावरणाचा वरचा थर कुठे कसा असेल, याचं गणित तिनं मांडलं होतं. ते अजून कुणी वापरून पाहिलं नव्हतं.

“अँटेना उत्तरेला फिरवा,” ती म्हणाली.

“मॅडम, जहाज दक्षिणेला आहे,” ऑपरेटर सुर्वे म्हणाले.

“सरळ वाट बंद झालीय. लहरी उलट्या बाजूनं, उत्तर ध्रुवावरून जहाजापर्यंत जातील. फिरवा लवकर.”

अँटेना फिरली. खरखरीतून एका बाईचं कण्हणं ऐकू आलं, तशा डॉक्टर माइकवर झुकल्या. “आता लाव जोर, पोरी.”

थोड्या वेळानं रडणं आलं, आणि पाठोपाठ दुसरं.

“जुळं?” डॉक्टर दचकल्या.

“एकच आहे,” केतकी डोळे पुसत हसली. “दक्षिणेची जवळची वाटही उघडली, आधी तिकडून आलं. तेच रडणं पृथ्वीला वळसा घालून पुन्हा आलं.”