अडकलेली लढाई

उत्तरेश्वर मास्तरांच्या टेबलावर प्लास्टिकच्या बोटभर सैनिकांची, फासे टाकून खेळायची लढाई महिनाभर अडकून पडली होती. एक फौज त्यांची, दुसरी त्यांच्या जुन्या दोस्ताची, सादिकची. दोघांनी सुटे हातपाय चिकटवून, मिशा रंगवून, वर्षभर खपून उभ्या केलेल्या. पण फाशाच्या एका दानावरून असं बिनसलं, की दोघांचं बोलणंच बंद.

महालक्ष्म्यांच्या दिवशी मास्तर बाजारातून आले, तर टेबल रिकामं! बायकोनं दोन्ही फौजा आराशीत नेऊन एकाच पंगतीला मांडल्या होत्या, प्रत्येकापुढं चिमूटभर पुरण. मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात तिनंच आवतन धाडलेला सादिक दारात उभा. तो आराशीकडं बघतच राहिला.



"मास्तर, माझे घोडेस्वार तुझ्या शिपायांशेजारी जेवाय बसले की! आता मीच एकटा उपाशी राहू व्हय?"