बिनआवाजाचा हुक्का

हुक्क्याच्या पाण्यात बुडणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक भोकांची चाळणी बसवायची शक्कल कारागिराचीच. धूर असा मऊ झाला की नवख्यालाही ठसका लागेना, आणि पाण्याची गुडगुडही बंद! "शेजारच्या खोलीत पत्ता लागणार नाही," तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. लोक तासन् तास ओढत बसायचे.

आज दवाखान्यात लेकीच्या उशाशी ऑक्सिजनच्या नळीला जोडलेली पाण्याची बाटली गुडगुडत होती. कारागिराला तो आवाज सहन होईना.

"इतकी वर्षं ओढत होती, घरात कुणालाच कळलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.


"शेजारच्याच खोलीत असायचे हो मी," बायको म्हणाली. "ना गुडगुड, ना ठसका. वास यायचा, पण मला वाटायचं, ह्यांच्याच कपड्यांचा."